इक्विफॅक्सची चोरी: ज्या कंपनीत खातंच नव्हतं, तिथून माहिती गेली कशी?

७ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीने जाहीर केलं, की आमच्या संगणकांतून १४.३ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आहे. पुढच्या सहा महिन्यांत हा आकडा दोनदा वाढला आणि १४.७ कोटींच्या पुढे जाऊन थांबला. त्या देशातल्या प्रौढ माणसांची संख्या लक्षात घेतली तर निम्म्याहून अधिक लोक यात आले.

बातमी ऐकून लोक चिडले, पण त्याआधी ते गोंधळले. दुकानाच्या संगणकातून कार्डांचे नंबर गेले, की आपण तिथे कधी खरेदी केली होती का, एवढं आठवून पाहायचं असतं. इथे तसं काही आठवण्यासारखं नव्हतं. इक्विफॅक्समध्ये कुणी खातं उघडलं नव्हतं, कुठल्या फॉर्मवर सही केली नव्हती, अनेकांनी तर हे नावही पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग त्यांच्याकडे आपला जन्मदिनांक आलाच कसा? आणि तो चोराकडे गेला असेल, तर आता आपण करायचं काय?

यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, की दुसऱ्याचं शोधणं सोपं जातं.

इक्विफॅक्स ही क्रेडिट ब्युरो आहे. कर्ज मागायला आलेला माणूस पैसे परत करेल का, हे बँकेला आधी ठाऊक नसतं. त्याने पूर्वी घेतलेली कर्जं वेळेवर फेडली का, हा त्यातल्या त्यात बरा अंदाज. पण ती माहिती दुसऱ्या बँकांकडे विखुरलेली असते. ती सगळ्यांकडून गोळा करायची, माणसागणिक एक फाइल बनवायची आणि विचारणाऱ्याला ती विकत द्यायची, हा क्रेडिट ब्युरोचा धंदा. इक्विफॅक्सची सुरुवात १८९९ साली अटलांटामध्ये ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ या नावाने झाली. कोणतं गिऱ्हाईक उधारी बुडवतं आणि कोणतं चोख देतं, याच्या नोंदी दुकानदारांना विकणं हे तिचं काम होतं. आज अमेरिकेत अशा तीन मोठ्या कंपन्या आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन.

कर्ज देणाऱ्या बँका, क्रेडिट कार्ड कंपन्या, गाडीसाठी कर्ज देणाऱ्या संस्था साधारण दर महिन्याला आपापल्या खातेदारांची माहिती या ब्युरोंना पाठवतात. तुमचं नाव, पत्ता, जन्मदिनांक, सोशल सिक्युरिटी नंबर (माणसागणिक एक असा अमेरिकेतला नऊ आकडी सरकारी नंबर), कर्ज किती, थकलेलं किती, हे सगळं त्यात येतं. तुम्ही कार्ड घेताना ज्या लांबलचक अटींना होकार देता, त्यांतच याचीही परवानगी असते. ब्युरोला पैसे देतात ते बँका आणि कंपन्या, म्हणजे तिचं गिऱ्हाईक तेच. ती विकते ती तुमची फाइल. म्हणूनच ‘यांची सेवा नको, माझं नाव काढून टाका’ असं म्हणण्याची सोय सर्वसामान्य माणसाला नाही. फोन कंपनी आवडली नाही तर बदलता येते. क्रेडिट ब्युरो आपण निवडलेलीच नसते, त्यामुळे ती बदलायचा प्रश्नच येत नाही.

या धंद्यावर कायद्याचा लगाम आहे. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार लोकांना आपली फाइल पाहण्याचा आणि तिच्यातली चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. आता योगायोग पाहा: चोर आत शिरले ते नेमके याच दारातून. आपल्या फाइलमध्ये चूक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तक्रार आणि कागदपत्रं द्यावीत यासाठी इक्विफॅक्सचं एक ऑनलाइन पोर्टल होतं. त्यामागची मूळ यंत्रणा १९७० च्या दशकातली होती आणि तिच्यावर नंतर थर चढत गेले होते.

या पोर्टलमध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ हे जगभर वापरलं जाणारं फुकट सॉफ्टवेअर होतं. ७ मार्च २०१७ रोजी त्यातला एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी तो बुजवणारा पॅचही मिळाला. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने कंपन्यांना इशारा पाठवला. ९ मार्चला इक्विफॅक्समध्ये चारशेहून अधिक जणांना अंतर्गत ईमेल गेला: ४८ तासांत पॅच बसवा. इथवर सगळं नियमाप्रमाणे झालं. फक्त ज्या पोर्टलला त्याची सर्वांत जास्त गरज होती, तिथे तो पॅच बसवलाच गेला नाही. दोष कुठे शिल्लक आहे हे शोधण्यासाठी आठवड्याभरात एक तपासणीही झाली. तिला काही सापडलं नाही.

१३ मेपासून चोरांनी माहिती उपसायला सुरुवात केली. आत गेल्यावर त्यांना एका ठिकाणी साध्या मजकुरात लिहून ठेवलेली युजरनेमं आणि पासवर्ड मिळाले, आणि त्यांच्या जोरावर ते एका पोर्टलवरून कितीतरी असंबंधित डेटाबेसपर्यंत पोचले. असे ४८ डेटाबेस आणि त्यांवर सुमारे ९,००० क्वेरी, म्हणजे माहिती काढून घेण्याच्या आज्ञा, असा हिशेब नंतरच्या चौकशीत निघाला. हे सगळं ७६ दिवस चाललं होतं. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कंपनीच्या नेटवर्कमधून बाहेर जाणारी एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपातली वाहतूक उघडून तपासणारं एक उपकरण होतं, पण त्याला लागणारं डिजिटल सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वीच मुदत संपून निरुपयोगी झालं होतं. म्हणजे पहारेकरी जागेवर होता, पण त्याला दिसत नव्हतं. २९ जुलैला ते सर्टिफिकेट नवं बसवलं आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. दुसऱ्या दिवशी पोर्टल बंद केलं गेलं.

कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेपुढे सांगितलं, की पॅचचा निरोप योग्य माणसापर्यंत पोचवण्यात एक व्यक्ती कमी पडली. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं नाही. एवढ्या लोकांच्या खासगी माहितीची सुरक्षा एका निरोपावर टांगलेली असेल, तर चूक त्या निरोप्याची नसते. डिसेंबर २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने अहवालात म्हटलं, की ही चोरी पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती.

आता चिंतेच्या मुळाशी येऊ. चोरीत गेलं काय? सुमारे २,०९,००० लोकांचे क्रेडिट कार्ड नंबर गेले. सुमारे १,८२,००० लोकांनी तक्रारीसोबत जोडलेली कागदपत्रं गेली. बातम्यांत कार्डांचा उल्लेख बराच झाला, पण कार्ड हा यातला सर्वांत कमी काळजीचा भाग. कार्ड चोरीला गेलं तर बँक ते बंद करून नवं देते. दुसऱ्याने केलेल्या खरेदीसाठी कार्डधारकाची जबाबदारी अमेरिकी कायद्याने जास्तीत जास्त ५० डॉलरवर थांबवली आहे आणि बहुतेक बँका तेवढेही घेत नाहीत. काही आठवड्यांत विषय संपतो.

खरा घाव वेगळा होता. नाव, जन्मदिनांक आणि सोशल सिक्युरिटी नंबर हे त्रिकूट १४ कोटींहून अधिक लोकांच्या बाबतीत एकत्र गेलं. सोबत कोट्यवधींचे पत्ते होते आणि १.७६ कोटी ड्रायव्हिंग लायसन्सचे नंबर. जन्मदिनांक बदलता येत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर कागदोपत्री बदलता येतो, पण सरकार तो फार क्वचित बदलून देतं आणि बदलला तरी जुन्या नंबरच्या नोंदी पाठ सोडत नाहीत. पुन्हा, हातात कर्जफेडीचा इतिहास नसलेला कोरा नंबर असणं हीही एक पंचाईतच.

या नंबरची गोष्ट जरा सांगायला हवी, कारण सगळी मेख तिथेच आहे. १९३६ साली तो सुरू झाला तो निवृत्तिवेतनासाठी, कामगाराच्या कमाईचा हिशेब ठेवायला. १९४६ पासून तर कार्डावर छापलेलं असायचं, की हे ओळखपत्र नव्हे. तरीही प्रत्येक माणसाला एकच नंबर, कधीही न बदलणारा आणि पुन्हा कुणाला न दिला जाणारा, एवढी सोयीची गोष्ट आयती मिळाल्यावर बँका, दवाखाने, विद्यापीठं, कर खातं सगळ्यांनीच तो उचलला. १९७२ मध्ये ती ओळ कार्डावरून काढून टाकली गेली.

इथवरही बिघडलं नव्हतं. कोण माणूस हे सांगायला नंबर वापरला तर हरकत नाही. पण हळूहळू, हा नंबर ज्याला माहीत आहे तोच तो माणूस, असंही मानलं जाऊ लागलं. दारावरची नावाची पाटी हीच कुलपाची किल्ली म्हणून चालायला लागावी, तसा हा प्रकार. शंभर ठिकाणी लिहून दिलेली गोष्ट गुपित कशी राहणार? इक्विफॅक्सच्या चोरीने हा गोंधळ जन्माला घातला नाही, तिने तो फक्त उघडा पाडला. हे मान्य केलं, तर ‘माझी माहिती बाहेर गेली आहे का?’ हा प्रश्नच जुना होतो. गेली आहे असं धरून चालायचं आणि पुढचं बघायचं, हे जास्त शहाणपणाचं.

या माहितीवर चोर काय करू शकतो? तुमच्या नावाने नवं क्रेडिट कार्ड किंवा कर्ज काढू शकतो. बिलं त्याने दिलेल्या पत्त्यावर जातात, तुम्हाला पत्ता लागत नाही, आणि वर्षभराने वसुलीवाल्याचा फोन येतो किंवा स्वतःच्या घरासाठी मागितलेलं कर्ज नाकारलं जातं तेव्हा उलगडा होतो. तो तुमच्या आधी तुमच्या नावाने आयकर विवरणपत्र भरून परतावा लाटू शकतो, तुमच्या विम्यावर उपचार घेऊ शकतो, तुमचा मोबाइल नंबर आपल्या सिमवर वळवून घेऊ शकतो. आणखी एक प्रकार असा, की नंबर एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि जन्मदिनांक तिसराच जोडून कधी जन्मालाच न आलेला माणूस उभा करायचा आणि त्याच्या नावाने सावकाश, महिनोन्‌महिने पत कमवायची. यात ज्याचा नंबर वापरला, त्याच्या नेहमीच्या फाइलमध्ये बहुधा काहीच दिसत नाही.

यातलं काहीही उद्याच होईल असं नाही, आणि लोकांना मनस्ताप झाला तो यामुळेही. कार्डाला मुदत असते, पण चोरीला गेलेला जन्मदिनांक दहा वर्षांनीही तितकाच खरा असतो. दोन वर्षं काही झालं नाही म्हणून संकट टळलं, असं म्हणता येत नाही. उलट पाच वर्षांनी काही झालंच, तर ते याच चोरीमुळे झालं की दुसऱ्या कुठल्या, हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. त्यामुळे नुकसानभरपाई मागतानाही हात बांधलेले.

अशा वेळी कंपनीने तरी सावरून घ्यायला हवं होतं. चोरी लक्षात आल्यापासून जाहीर करेपर्यंत चाळीस दिवस गेले होते, तरी तयारी अशी, की दुष्काळात तेरावा महिना. आपली माहिती गेली का हे तपासण्यासाठी कंपनीने तिच्या नेहमीच्या संकेतस्थळाऐवजी एक वेगळंच नवं संकेतस्थळ काढलं. त्याचं नाव एखाद्या फसव्या साइटसारखं होतं, आणि तिथे लोकांना आडनावासोबत सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे सहा आकडे भरायला सांगितले जात होते. ज्यांनी नऊ आकडे हरवले, त्यांनाच आणखी सहा द्यायचे! एकाच माणसाने दोनदा तपासलं तर दोन वेगळी उत्तरं येत होती. एका प्रोग्रॅमरने धोका दाखवून देण्यासाठी नावातले शब्द उलटेपालटे करून एक खोटं संकेतस्थळ बनवलं, आणि इक्विफॅक्सच्या स्वतःच्या ट्विटर खात्याने लोकांना त्याच खोट्या ठिकाणी पाठवलं. नशीब, की बनवणाऱ्याचा हेतू चांगला होता.

कंपनीने लोकांच्या फाइलींवर वर्षभराची फुकट देखरेख देऊ केली होती, पण तिच्या अटींत कंपनीविरुद्ध कोर्टात जाता येणार नाही असं कलम निघालं. आरडाओरडा झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. फाइल गोठवणाऱ्यांना, म्हणजे ती कुणाला देऊ नका असं ब्युरोला सांगणाऱ्यांना, जो गुप्त पिन मिळत होता, तो गोठवल्याची तारीख आणि वेळ यांचेच आकडे जोडून बनत होता. आणि याच स्मिथ यांनी चोरी कळल्यानंतर, पण ती जगाला सांगण्याआधी, १७ ऑगस्टला जॉर्जिया विद्यापीठातल्या भाषणात सांगितलं होतं, की फसवणूक ही आमच्यासाठी धंद्याची मोठी संधी आहे. त्यात ते खोटं बोलत नव्हते. ओळखचोरीपासून बचाव करणाऱ्या सेवा इक्विफॅक्स विकत होतीच. सप्टेंबर संपता संपता अमेरिकेच्या कर खात्याने तर करदात्यांची ओळख पडताळण्याचं ७२.५ लाख डॉलरचं कंत्राट इक्विफॅक्सलाच दिलं. टीका झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ते स्थगित करावं लागलं.

स्मिथ २६ सप्टेंबरला निवृत्त झाले. त्याआधी माहिती तंत्रज्ञान आणि सुरक्षेचे प्रमुखही गेले होते.

चोर कोण होते? १० फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने चीनच्या सैन्यातल्या चौघांवर आरोपपत्र ठेवल्याचं जाहीर केलं. सुमारे २० देशांमधल्या ३४ सर्व्हरवरून वाहतूक वळवून त्यांनी माग पुसला, असं त्यात म्हटलं आहे. चीनने आरोप फेटाळले. खटला उभा राहिलेला नाही, कारण आरोपी अमेरिकेच्या हाती नाहीत. आरोप खरा धरला तर उद्देश कार्डं काढून खरेदी करण्याचा नसून हेरगिरीचा असावा. कोण सरकारी नोकर कर्जात बुडाला आहे, हे कळलं की कुणाकडे कधी जायचं हेही कळतं. एवढी मोठी चोरी होऊनही तिच्यातली माहिती चोरबाजारात उघड विकायला आलेली दिसली नाही, ही गोष्टही त्याच दिशेला बोट दाखवते.

सामान्य माणसाला यातून दिलासा मिळावा का? थोडा मिळू शकतो. पण चोराच्या हेतूवर विसंबणं म्हणजे किल्ली ज्याच्याकडे आहे तो सध्या आपल्या घरात रस घेत नाही, एवढ्यावर समाधान मानणं. शिवाय हीच माहिती इतर चोऱ्यांमधूनही बाहेर गेलेली आहे. २०१५ मध्ये एक्स्पीरियनच्या सर्व्हरवरून टी-मोबाइलकडे अर्ज केलेल्या दीड कोटी लोकांची माहिती गेली होती.

भरपाईचं काय झालं, तेही सांगून टाकतो. २२ जुलै २०१९ रोजी इक्विफॅक्सने केंद्रीय यंत्रणा आणि राज्यांशी तडजोड केली. किमान ५७.५ कोटी डॉलर आणि गरज पडल्यास ७० कोटींपर्यंत. मथळ्यांत झळकलं ते ‘प्रत्येकी १२५ डॉलर’. बारीक अक्षरांत होतं, की या पर्यायासाठी एकूण रक्कम फक्त ३.१ कोटी डॉलर आहे. भागाकार करून पाहा: अडीच लाख लोकांनी मागितले की पैसे संपले. मागणारे लाखोंनी आले. आठवडा-दीड आठवड्यातच सरकारी व्यापार आयोगाला लोकांना सांगावं लागलं, की पैशांऐवजी फुकट देखरेख घ्या, ती जास्त मोलाची आहे. पुढे २०२२ च्या अखेरीस पैसे वाटले गेले तेव्हा अनेकांच्या वाट्याला जेमतेम काही डॉलर आले. ज्यांचं प्रत्यक्ष नुकसान झालं होतं आणि ज्यांच्याकडे त्याचे कागद होते, त्यांच्यासाठी २०,००० डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद होती.

आता देखरेखीबद्दल, म्हणजे क्रेडिट मॉनिटरिंगबद्दल. ही सेवा तुमच्या फाइलवर नजर ठेवते आणि नवं खातं उघडलं गेलं की कळवते. उघडलं गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, यातला प्रकार. फुकट मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण दरमहा पैसे मोजून घेण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही.

खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट एकच आहे आणि ती म्हणजे क्रेडिट फ्रीज, फाइल गोठवणं. तिच्यामागचा विचार साधा आहे. नवं कर्ज देण्याआधी बँक ब्युरोकडून फाइल मागवते. फाइल गोठवलेली असेल तर ब्युरो ती देत नाही. फाइल मिळाली नाही की बँक सहसा कर्ज देत नाही. चोराकडे तुमचा नंबर, जन्मदिनांक, पत्ता सगळं असलं तरी अर्ज तिथेच अडकतो. तुम्हाला स्वतःला कर्ज हवं असेल तेव्हा तात्पुरती मोकळीक द्यायची आणि पुन्हा गोठवायची. आधीपासूनची खाती, कार्डं नेहमीसारखी चालतात. क्रेडिट स्कोअरवर परिणाम होत नाही.

ही सोय चोरीच्या आधीही होती, पण बऱ्याच राज्यांत प्रत्येक ब्युरो गोठवण्यासाठी आणि पुन्हा उघडण्यासाठी पैसे घेत असे, अनेक ठिकाणी ५ ते १० डॉलर. म्हणजे इक्विफॅक्सच्या हलगर्जीपणापासून वाचायचं तर तिच्या प्रतिस्पर्ध्यांना पैसे द्यायचे. मे २०१८ मध्ये नवा केंद्रीय कायदा झाला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून गोठवणं आणि उघडणं दोन्ही देशभर फुकट झालं. फोनवर किंवा ऑनलाइन मागणी केली तर ब्युरोने एका कामकाजाच्या दिवसात गोठवायला हवं आणि उघडायला सांगितलं तर एका तासात उघडायला हवं. या सगळ्या प्रकरणातून सामान्य माणसाच्या हाती काही ठोस लागलं असेल, तर ते हे. पण अर्धंच. फाइल मुळात बंद असावी आणि मालकाच्या सांगण्यावरून उघडावी, असा नियम करता आला असता. तसं झालं नाही. न मागता फाइल उघडी, बंद करायची तर खेटे तुम्ही घाला, हेच चालू राहिलं. कारण उघड आहे: बंद फाइल विकता येत नाही.

गोठवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळी मागणी करावी लागते, एकीला सांगून भागत नाही. चोर ज्या बँकेकडे जाईल ती कोणत्या ब्युरोला विचारेल हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे दोन गोठवून तिसरी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी, ब्युरोच्या संकेतस्थळावर फ्रीज शोधायला गेलात की ‘लॉक’ नावाची मिळतीजुळती सेवा आधी समोर येते. मोबाइलवर एका स्पर्शात चालू-बंद होते, वगैरे. फ्रीजला कायद्याचा आधार आहे, लॉक हा कंपनीशी केलेला करार आहे आणि काही वेळा त्याचे पैसे पडतात. फ्रीज हाच शब्द शोधावा.

कर्ज काढायचंच आहे आणि सारखं उघड-बंद नको असेल, तर फ्रॉड अलर्ट लावता येतो. त्यात फाइल मिळते, पण अर्जदार खरा आहे का हे पडताळण्याची वाजवी खटपट कर्ज देणाऱ्याने करावी अशी सूचना तिच्यावर असते. हा अलर्ट एका ब्युरोला सांगितला की ती बाकीच्या दोघींना कळवते. एक वर्ष चालतो. प्रत्यक्ष ओळखचोरी झाल्याची तक्रार दाखवली तर सात वर्षांचा मिळतो.

फ्रीजने सगळं अडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. आधीच्या खात्यातून कुणी पैसे काढले तर फ्रीजचा त्याच्याशी संबंध नाही, तिथे दर महिन्याचं स्टेटमेंट डोळ्यांखालून घालणं हाच उपाय. नोकरीसाठी किंवा घर भाड्याने देताना होणारी पडताळणीही कायद्याने फ्रीजच्या बाहेर ठेवली आहे. कराच्या परताव्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याकडून दरवर्षी नवा सहा आकडी पिन मागून घेता येतो. २०२१ पासून तो कुणालाही मिळतो आणि एकदा घेतला, की त्या माणसाच्या नावाचं तो नसलेलं ऑनलाइन विवरणपत्र कर खातं स्वीकारत नाही. तिन्ही ब्युरोंच्या फाइली सरकारमान्य ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या एकाच संकेतस्थळावरून दर आठवड्याला फुकट पाहता येतात. वर्षातून दोन-चारदा पाहिल्या तरी पुरे. ओळखीचं नसलेलं खातं किंवा कधी राहिलोच नाही असा पत्ता दिसला, तर व्यापार आयोगाच्या ओळखचोरीविषयक संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिची प्रत ब्युरोला आणि संबंधित बँकेला द्यायची.

चोरीची बातमी आल्यावर येणारे फोन हा वेगळाच ताप. ‘इक्विफॅक्समधून बोलतोय, तुमची माहिती पडताळायची आहे’ असं म्हणणारा माणूस जवळजवळ नक्कीच भामटा असतो, आणि तुमचा पत्ता किंवा नंबरचे शेवटचे आकडे त्याने अचूक सांगितले, तर तो खरा आहे असं त्यावरून ठरत नाही. ती माहिती तर बाहेर गेलेलीच आहे. फोन ठेवावा आणि हवं तर स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करावा.

मुलांचं मात्र अनेक जण विसरतात. लहान मुलाच्या नावाने क्रेडिट फाइल सहसा नसतेच, म्हणून चोराला त्याचा नंबर जास्त सोयीचा, कारण अठराव्या वर्षापर्यंत तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांना फ्रीज मागता येतो. फाइल नसेल तर ब्युरोला केवळ गोठवण्यासाठी तशी नोंद तयार करावी लागते. हे काम सहसा ऑनलाइन होत नाही, मुलाचा जन्मदाखला आणि स्वतःच्या ओळखीचे पुरावे टपालाने पाठवावे लागतात, तेही तिन्ही ठिकाणी.